फोमचं हरीण पळत नाही

फोमच्या हरणात एक मोठा दोष आहे. ते पळत नाही. कान फिरवत नाही, मान वर करून बघत नाही, झाडामागे सरकत नाही. त्याच्यासमोर दहा मिनिटं गप्पा मारा, शिंका, पाणी प्या आणि मग निवांत धनुष्य उचला, ते आपलं तिथेच उभं. त्यामुळे समोर हरीण दिसलं की बाण सोडायचाच, अशी हाताला सवय लागते. शिकारीची तयारी म्हणून अशी फोमची जनावरं मांडलेल्या थ्री-डी कोर्सवर जाणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी या दोषाकडे बघावं, असं मला कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर नऊ वर्षं स्वतःचे हरवलेले बाण शोधत फिरल्यावर वाटायला लागलं आहे. अंतर, उतार, नेम हे सगळं कोर्स शिकवतोच. कुठला बाण सोडायचा नाही, हे मात्र तो आपणहून शिकवत नाही. ते त्याच्याकडून वसूल करून घ्यावं लागतं.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या, कंपाउंड किंवा रिकर्व्ह धनुष्य हाताशी असलेल्या आणि पुढच्या हंगामात हरणामागे जायचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी यातलं अंतर, उतार आणि शरीराची ठेवण एवढंच घ्यावं. मैदानी तिरंदाजीला ते तितकंच उपयोगी आहे. आणि ज्यांना शिकार मुळातच पटत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. माझ्या आईला अजून ‘मुलगा रविवारी तिरंदाजीला जातो’ एवढंच माहीत आहे, आणि ते खोटं नाही.

सपाट मैदानावरच्या तिरंदाजीला मी कमी लेखत नाही. साताऱ्यात तयार झालेल्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंडची दोन्ही वैयक्तिक जागतिक अजिंक्यपदं घेतली, ओजसनं तर अंतिम सामन्यात १५०पैकी १५० गुण मिळवले. त्या दर्जाच्या हाताला मी काय शिकवणार! पण त्या खेळात अंतर ५० मीटर हे आधीच ठरलेलं असतं, पायाखाली हिरवळ असते आणि लक्ष्य तुमच्याकडे तोंड करून उभं असतं. जंगलात या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या जातात. कोर्सवर जायचं ते त्यांच्याशिवाय आपलं किती उरतं हे बघायला.

कोर्सचे ढोबळमानानं दोन प्रकार. एक ‘फील्ड’. जंगलातल्या पायवाटेनं चालत जायचं, वाटेत कागदी गोल लक्ष्यं लागतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय फील्ड तिरंदाजी संघटनेच्या पूर्ण फेरीत २८ लक्ष्यं आणि प्रत्येकावर चार बाण, म्हणजे ११२ बाण. अंतरं २० फुटांपासून ८० यार्डांपर्यंत, आणि ती बाण सोडायच्या जागेच्या खुंटीवर लिहिलेली असतात. कॅलिफोर्नियातल्या वुडसाइडच्या हडर्ट पार्कमध्ये रेडवुडच्या सावलीत असलेली रेंज या जातीची. दुसरा प्रकार ‘थ्री-डी’. इथे फोमची हरणं, अस्वलं, रानडुकरं, टर्की झाडाझुडपांत उभी केलेली असतात, बहुतेक ठिकाणी प्रत्येकावर एकच बाण, आणि अंतर कधी सांगितलेलं, कधी नाही. उत्तर कॅलिफोर्नियात रेडिंगला मे महिन्यात थ्री-डीची मोठी जत्रा भरते, तिथे १०१ यार्डांवर चक्क ‘बिगफूट’ उभा असतो. त्याच्यावर बाण मारून फोटो काढायला हरकत नाही, मीही काढला आहे. शिकारीशी त्याचा काही संबंध नाही, एवढं लक्षात असू द्या.

शिकारीसाठी या दोन्हींचा उपयोग वेगळा. फील्डवर बहुतेक लक्ष्यांवर एकाच ठिकाणाहून चार बाण सुटतात, त्यामुळे चूक कुठे होते ते कळतं. चारही बाण डावीकडे गेले तर साइट बिघडली आहे, आणि एकच गेला तर तुम्ही. थ्री-डीवर एकच बाण, म्हणून तिथे परीक्षा. मी महिन्यातून दोनदा फील्ड आणि एकदा थ्री-डी असं ठेवतो. उलटं करणारे खूप आहेत, कारण कागदाच्या गोलापेक्षा अस्वल बघायला मजा येते.

सामानाबद्दल थोडक्यात. शिकारीला जे धनुष्य नेणार तेच, जसं नेणार तसंच. भाता धनुष्याला लावून शिकार करणार असाल तर सरावातही तो लावलेलाच हवा, कारण त्याच्या वजनानं धनुष्य एका बाजूला कलतं. बाणाचं टोकही तेवढ्याच वजनाचं, १०० ग्रेनचं पातं असेल तर १०० ग्रेनचीच सरावाची टोकं. पात्याचे बाण फोमच्या जनावरांवर चालत नाहीत, बहुतेक क्लब तसं फाटकावरच लिहितात.

ड्रॉ वेटबाबत, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराबाबत, मात्र थोडं थांबतो, कारण आपल्याकडच्या तरुण मंडळींची सर्वांत महागडी चूक इथे होते. माझ्या भाच्यानं पहिलंच धनुष्य ७० पाउंडांचं घेतलं. दुकानात उभं राहून, खांदे उडवून, धनुष्य आकाशाकडे नेऊन त्यानं ते ओढलं आणि त्याला वाटलं जमलं. मी त्याला घरी खुर्चीत बसवलं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलायला लावले आणि हात समोर ठेवून सावकाश ओढ म्हटलं. दोरी अर्ध्यावर अडकली. ही खुर्चीची चाचणी तुम्हीही करा. पाय उचलून, धनुष्य वर न नेता, घाई न करता दोरी गालापर्यंत आली तर तेवढं वजन तुमचं. थंडीत दोन तास न हलता बसल्यावर अंगात जेवढी ताकद उरते, साधारण तेवढीच खुर्चीत असते. भाचा आता ५५वर आहे आणि त्याचे बाण माझ्या बाणांपेक्षा एकमेकांच्या जवळ पडतात, हे तो दर रविवारी सांगतो. कायद्याची किमान अट प्रत्येक राज्याची वेगळी. कॅलिफोर्निया पाउंड मोजतच नाही, मोठ्या जनावरासाठी धनुष्यानं शिकारीचा बाण सपाटीवर १३० यार्ड फेकला पाहिजे आणि पातं किमान पाऊण इंचाहून थोडं जास्त, सात अष्टमांश इंच रुंद हवं, असं म्हणतो. आपापल्या राज्याची पुस्तिका वाचा. शिकारीच्या परवान्याआधी जो सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो तोही कंटाळा न करता पुरा करा.

आता अंतर. थ्री-डीवर चुकलेल्या बाणांचं कारण विचारलं तर लोक रिलीजला दोष देतात, वाऱ्याला देतात, सोबत बोलणाऱ्याला देतात. माझ्या वहीत बहुतेक वेळा कारण एकच निघतं, अंतर चुकलं. सेकंदाला २७० फूट वेगानं बाण सोडणारं धनुष्य धरा. २० यार्डांवर वाटलेलं हरीण प्रत्यक्षात २४वर असेल तर बाण सुमारे दोन इंच खाली लागतो. चालून जातं. ४० यार्डांवर हीच चार यार्डांची चूक चार इंचांवर जाते आणि ६० यार्डांवर सहा इंचांवर. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ-नऊ इंच व्यासाचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम साडेचार इंच. हात अगदी स्थिर असला तरी ६० यार्डांवर चार यार्डांची चूक बाण त्या गोलाच्या बाहेर नेते. आणि हात अगदी स्थिर कुणाचा असतो?

‘माझ्याकडे रेंजफाइंडर आहे’ हे उत्तर मला माहीत आहे. माझ्याकडेही आहे. पण तो डोळ्याला लावताना हात हलतो, आणि हरीण बघत असेल तर ती हालचाल शेवटची ठरते. शिवाय तुम्ही ३२ यार्ड मोजेपर्यंत ते चार पावलं पुढे जातं. म्हणून कोर्सवर रेंजफाइंडर न्यायचा, पण खिशात ठेवायचा. खुंटीवर उभं राहून आधी अंदाज करायचा, सोबत्याला मोठ्यानं सांगायचा, म्हणजे नंतर पलटता येत नाही, आणि मग मोजायचं. वहीत दोन आकडे लिहायचे, माझा अंदाज आणि खरं अंतर. तीन-चार फेऱ्यांत तुमची खोड दिसायला लागते. माझी अशी निघाली की दाट झाडीत, सावलीतलं लक्ष्य मला लांब वाटतं आणि उघड्या उन्हातलं जवळ. मधे खोलगट घळ असेल आणि तिचा तळ दिसत नसेल, तर पलीकडचं लक्ष्य हमखास जवळ वाटतं. झाडांच्या बोळातून पाहताना ते लांब भासतं. डोळा बहुतेकांना असाच फसवतो. तुमचा किती यार्डांनी फसवतो, ते मात्र तुमच्याच वहीत सापडेल.

अंदाजाच्या पद्धतींत मला अर्ध्याची पद्धत सर्वांत उपयोगी पडली. तुम्ही आणि लक्ष्य यांच्या बरोबर मधे एखादा दगड किंवा झुडूप शोधायचं, तिथपर्यंतचं अंतर ठरवायचं आणि दुप्पट करायचं. २० यार्डांपर्यंत डोळा फारसा चुकत नाही, कारण घरासमोरच्या ड्राइव्ह-वेपासून ऑफिसच्या पार्किंगपर्यंत ती अंतरं आपण रोज चालतो. मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला जाताना पावलं मोजतो. शेजारीण विचित्र नजरेनं बघते.

दुसरी अडचण आहे ती उताराची. टेकडीवरून खाली बाण सोडताना, किंवा खालून वर, डोळ्याच्या रेषेतलं अंतर धरायचं नसतं, आडवं धरायचं असतं, कारण गुरुत्वाकर्षण बाणाला खाली ओढतं ते त्या आडव्या अंतराच्या हिशेबानं. ३० अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर सरळ रेषेत ४० यार्ड दाखवत असेल तर तुमच्या साइटला ते ३५ यार्डांसारखं आहे. ४०ची पिन लावली तर बाण सुमारे पाच इंच वर जातो, खाली सोडा किंवा वर सोडा, दोन्हीकडे वरच. उतार २० अंशांचा असेल तर ४०चे साडेसदतीस. कोन हिशेबात घेणारे रेंजफाइंडर हल्ली सर्रास मिळतात आणि ही आकडेमोड ते स्वतः करतात, फक्त त्यांची ती सोय चालू आहे ना, ते घरूनच पाहून निघा.

पण खाली सोडलेला बाण वर जाण्याचं कारण दर वेळी भूमिती नसते. झाडावर २० फूट उंच मचाणावर बसलात आणि हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर असेल तर सरळ रेषेतलं अंतर होतं २१ यार्ड. एका यार्डाचा फरक! तरीही मचाणावरून बाण हरणाच्या पाठीवरून जातात, कारण माणूस हात खाली करतो. सपाटीवर दोन खांदे, धनुष्याचा हात आणि कोपर मिळून एक आडवी रेषा होते. खाली नेम धरताना नुसता हात खाली नेला की ती रेषा मोडते, दोरी गालावर नेहमीच्या जागी येत नाही, दोरीतल्या पीपच्या भोकातून बघायला मान वेडीवाकडी होते. उपाय असा की आधी सपाटीवर, समोर बघून दोरी पूर्ण ओढायची, अँकर गालावर बसवायचा आणि मग कमरेतून वाकायचं, देवळात उंबरठ्याशी वाकतो तसं. वर बाण सोडतानाही हेच, पाय थोडे जास्त फाकवून कंबर पुढे, म्हणजे वरचं धड एकसंध राहतं. सुरुवातीला हे ओशाळवाणं वाटतं. कोर्सवर तुमच्या मागे उभे असलेले जुने लोक मात्र तुमचं वाकणं बघूनच ओळखतात की हा माणूस शिकलेला आहे.

आडव्या उतारावर, म्हणजे टेकडी तुमच्या डावीकडून उजवीकडे घसरत असेल तेव्हा, आणखी एक फसवणूक होते. डोळा उताराच्या रेषेलाच सपाट मानायला लागतो आणि धनुष्याचं वरचं टोक नकळत उताराकडे झुकतं. बाणही तिकडेच जातो, आणि अंतर जितकं जास्त तितका जास्त. साइटवरचा पाण्याचा बुडबुडा त्यासाठीच असतो. मी नेमाच्या आधी एकदा आणि नेम धरल्यावर एकदा, असा दोनदा त्याच्याकडे बघतो. पहिली दोन वर्षं मी तो काचेचा दागिना समजत होतो.

उभं राहूनच बाण सोडायचा, असा कोर्सचा नियम नसतो. गुडघ्यावर बसा. सोबत घडीचं स्टूल नेऊन बसून सोडा. झाडाच्या खोडामागून डोकावून सोडा, आणि धनुष्याचं खालचं टोक गुडघ्याला किंवा स्टुलाला लागत नाही ना, ते दोरी ओढण्याआधी बघा. लागलं तर हादरा दातांपर्यंत जातो. थंडीचं जाकीट आणि तोंडावरची जाळी एकदा तरी जुलैच्या उन्हात घालून फेरी करा. घामाघूम व्हाल, पण दोरी बाहीला कुठे घासते आणि जाळीमुळे गालावरची जागा किती बदलते, ते कळेल.

फांद्यांच्या फटीतून बाण सोडताना बाणाचा मार्ग सरळ नसून कमानीसारखा आहे, हे विसरायला होतं. डोळ्याला हरीण स्वच्छ दिसतं आणि बाण वरच्या फांदीला अडकतो. यावर एक साधी युक्ती आहे. हरीण ४० यार्डांवर आणि फांदी २० यार्डांवर असेल, तर ४०ची पिन हरणावर ठेवा आणि २०ची पिन कुठे आहे ते पाहा. तीच फांदीवर असेल तर बाण तिथेच जाणार. कोर्स मांडणारे लोक अशा फांद्या मुद्दाम राखून ठेवतात, त्यांना धन्यवाद द्यायचे की शिव्या, ते त्या दिवशीच्या निकालावर ठरतं.

आता लक्ष्यावरच्या वर्तुळांविषयी, कारण इथे कोर्स शिकाऱ्याला थेट चुकीचं शिकवतो. फोमच्या जनावरावर १०चं वर्तुळ कोरलेलं असतं, त्याच्या आत ११ किंवा १२चं छोटं वर्तुळ, बाहेर ८ आणि ५. ही वर्तुळं जनावर तुमच्यापुढे अगदी आडवं उभं आहे असं धरून कोरलेली असतात. तेच जनावर मांडणाऱ्यानं थोडं तिरकं, शेपटी तुमच्याकडे करून ठेवलं, तरी वर्तुळ तिथेच राहतं. आडव्या हरणावर बाण पुढच्या पायाच्या मागच्या कडेला, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात लागला पाहिजे. पण तिरक्या, तुमच्यापासून दूर वळलेल्या हरणावर बाण जिथून शिरतो त्यापेक्षा जिथून निघतो ती जागा महत्त्वाची. पलीकडचा पुढचा पाय डोळ्यापुढे आणायचा, बाण तिथून बाहेर पडेल अशी रेषा आखायची आणि त्या हिशेबानं शिरायची जागा मागे सरकवायची. फोमवर तिथे ८चं वर्तुळ असतं, किंवा तेही नसतं. गुण कमी मिळतील. मिळू देत. बाण काढायला गेलात की लक्ष्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा आणि बाण पुढे गेला असता तर कुठून निघाला असता ते बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि मला तरी एवढा फायदा दुसऱ्या कशानं झाला नाही. तुमच्याकडे तोंड केलेल्या हरणावर, सरळ असो वा तिरकं, मी बाण सोडत नाही, कारण खांद्याचं हाड आणि छातीचा पुढचा भाग मधे येतो. तसं लक्ष्य आलं की मी ओढलेली दोरी परत आणतो.

ही दोरी परत आणणं, बाण न सोडता, हे वेगळं कौशल्य आहे आणि सगळ्या कोर्सभर त्याचा कुणी सराव करत नाही. कंपाउंडची दोरी पूर्ण ओढल्यावर हातावर थोडंच वजन राहतं, पण परत आणताना ते एकदम वाढतं आणि खांद्याला हिसका बसतो. धनुष्य लक्ष्याच्या दिशेनंच ठेवून, ट्रिगरपासून बोट लांब ठेवून, सावकाश. मी प्रत्येक फेरीत किमान पाच लक्ष्यांवर हे करतो. दोरी ओढतो, मनात तीस आकडे मोजतो, हरीण वळलं असं धरतो आणि परत आणतो. काही वेळा तीस आकडे मोजून मग बाण सोडतो, कारण खरं हरीण झाडाआडून पुढे यायला तेवढा वेळ लावतंच. पहिल्या महिन्यात वीस आकड्यांनंतर पिन लक्ष्याभोवती माशीसारखी फिरेल. फिरू द्या, तेव्हा बाण न सोडायचं ठरवा.

न सोडलेल्या बाणाचा पुढचा टप्पा म्हणजे आणखी जवळ जाणं, म्हणून ईशीची गोष्ट इथेच सांगायला हवी. उत्तर कॅलिफोर्नियाच्या याही लोकांपैकी उरलेला हा शेवटचा माणूस १९११ साली ओरोव्हिलला गोऱ्या वस्तीत आला आणि पुढे १९१६मध्ये मरेपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोत राहिला. तिथले शल्यविशारद डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि शिकार करायला शिकले, आणि अमेरिकेतल्या आजच्या धनुर्धारी शिकारीची सुरुवात बरेच जण पोप यांच्या १९२३च्या पुस्तकापासून मानतात. लांबच्या गोल लक्ष्यावर नेम धरण्यात ईशीला फारसा रस नव्हता. शिकारीत त्याचा सगळा जोर जवळ जाण्यावर असे. आज आपल्या साइटवर ८० यार्डांपर्यंतच्या पिना असतात, आणि ती सोय असली की माणूस जवळ जायचा कंटाळा करतो.

म्हणून प्रत्येकानं स्वतःचं एक अंतर ठरवावं. नऊ इंचांची कागदी थाळी घ्या. सपाटीवर नव्हे, कोर्सवरच, चढून दम लागलेला असताना, एकेक बाण सोडत जा. दहापैकी नऊ बाण थाळीत बसतात ते सर्वांत लांबचं अंतर शोधा. माझं ३८ यार्ड निघालं. मी ते ३५ धरतो. आणि थाळी हलत नाही, हे विसरू नका. ४० यार्डांवर धनुष्याचा आवाज हरणाच्या कानावर सेकंदाच्या एक दशांशात पोहोचतो, बाणाला साडेचार दशांश लागतात. मधल्या वेळात दचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी खाली दबतं आणि बाण फुप्फुसांऐवजी पाठीत किंवा हवेत जातो. २० यार्डांवर ही फट निम्मी होते. सतर्क, मान ताठ करून उभं असलेल्या हरणासाठी मी माझं अंतर आणखी दहा यार्डांनी कमी करतो.

कोर्सवरचे गुणही मी माझ्या पद्धतीनं मोजतो. बाण हृदय-फुप्फुसांत लागला असता तर १०. न सोडलेला बाण, आणि तो न सोडणं बरोबर होतं, तर तेही १०. बाकी सगळं शून्य, आणि पोटात किंवा मागच्या पायात गेला तर उणे १०. क्लबच्या कागदावर २४० मिळवून आलेल्या दिवशी माझ्या वहीत ९० निघाले होते. सोबतचे हसतात. पण ऑगस्टनंतर त्यांच्यापैकी दोघं तसंच लिहायला लागलेत.

रेंजवरचे रिवाज बहुतेक क्लब पहिल्या दिवशी समजावतात, तरी तीन गोष्टी पुन्हा सांगतो. दोरी ओढताना धनुष्य आकाशाकडे नेऊ नका, चुकून सुटलेला बाण पलीकडच्या वाटेवरच्या माणसांपर्यंत जातो. लक्ष्यामागे हरवलेला बाण शोधायला गेलात तर एक धनुष्य लक्ष्यासमोर उभं करून ठेवा, म्हणजे मागून आलेल्या गटाला कळतं की इथे माणसं आहेत. आणि कार्बनचा बाण काही टणक वस्तूला लागून आला की हातात वाकवून, पिळून, कानाशी धरून बघा. चीर गेलेला बाण सोडताना फुटला तर कार्बनच्या काड्या हातात घुसतात. कॅलिफोर्नियात आणखी एक. गवतात हात घालून बाण चाचपू नका. काठीनं गवत बाजूला करा. तिथे रॅटलस्नेक असतात, आणि तीन-तीन पानांचं चकाकतं झुडूप म्हणजे पॉयझन ओक. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी अठरा डॉलरच्या बाणासाठी त्यात शिरलो आणि दोन आठवडे खाजवत बसलो.

हंगामाच्या चार आठवडे आधी पात्याचे बाण बाहेर काढा. घरच्या फोमच्या ठोकळ्यावर, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, सरावाच्या टोकाशेजारी पात्याचा बाण सोडा. दोन्ही एकाच ठिकाणी गेले नाहीत तर साइट हलवण्याआधी धनुष्य नीट जुळवून घ्या, नाहीतर जमणार नाही. रोज नव्यानं धार काढायचा कंटाळा असेल तर सरावाची पाती वेगळी ठेवा आणि शिकारीची डब्यात.

बाण लागल्यानंतरच्या गोष्टी कोर्सवर करता येत नाहीत असं वाटतं, पण एक येते. बाण सुटला की दुर्बीण लावायच्या आधी, तो कुठे लागला ते सोबत्याला सांगा. ‘खांद्यामागे, थोडा वर.’ मग दुर्बीण लावून खरं-खोटं बघा. आधी मी दहात सहा वेळा चुकायचो. जंगलात नेमका हाच अंदाज ठरवतो की हरणामागे अर्ध्या तासानं निघायचं, की बाण पोटात गेला म्हणून आठ-बारा तास थांबायचं. घाईनं मागे गेलं तर जखमी जनावर उठून मैलभर जातं आणि सापडत नाही.

आणि रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी परसात एक बाण. फक्त एकच, अंग गरम न करता, कॉफीच्या आधी, ऑफिसच्याच कपड्यांत. वहीत तारीख, अंतर आणि तो कुठे लागला एवढंच लिहायचं. संध्याकाळी पन्नास बाण सोडायचे असतील तर सोडा, पण त्या पानावर ते लिहू नका.